गजभिये मॅडमची उलटी फेरी

गजभिये मॅडम माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या पायांकडे पाहत. आमच्याकडे नोकरीसाठी आल्या तेव्हाही तसंच झालं. मुलाखत आम्ही त्यांची घ्यायची होती, पण आत पाऊल टाकताच त्यांनी आमच्या मालकाच्या, म्हणजे निखिलच्या, बुटांवर नजर टाकली आणि म्हणाल्या, "उजवी टाच बाहेरून झिजली गा तुझी. पाय फेकून चालून राहिला काय?" निखिल पुण्याची चांगली नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढायला नागपूरला परतलेला. विचारायचे प्रश्न त्यानं टाइप करून ठेवले होते. ते तसेच राहिले आणि तो वाकून आपलीच टाच पाहू लागला. थोड्या वेळानं मॅडम त्याला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवून पाहत होत्या. एवढं झाल्यावर त्यांना नको म्हणायची कोणाची छाती होणार?

कंपनी म्हणजे सक्करदऱ्यात एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गहू दळला जाई, वर आम्ही अ‍ॅप दळत बसू. व्यायामाला जोडीदार शोधून देणारं अ‍ॅप होतं ते, नाव 'सोबत'. तुम्ही कुठे राहता, चालता की पळता की जिमला जाता, सकाळी जमतं की संध्याकाळी, हे त्यात भरायचं. मग जवळपासचं जमणारं माणूस ते सुचवी. दोघांनी 'हो' म्हटलं तरच पुढे बोलणं व्हायचं. एकानं जरी 'नाही' म्हटलं तर ती गोष्ट तिथेच संपायची. आत काय शिजतं त्याचा कोड मी लिहीत असे. बाहेर लोक काय बोंबलतात ते फोनवर ऐकून आम्हाला सांगायचं काम मॅडमचं होतं. ते अ‍ॅप पुढे चाललं नाही. आता गिरणीवर शिकवणी वर्ग आहे म्हणतात. पण अ‍ॅप आठवलं की मला पडद्यावरची चित्रं आठवत नाहीत, मॅडमच आठवतात.

त्या खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या कॉलनीजवळच्या शाळेत खेळ शिकवायच्या. निवृत्तीनंतर सक्करदऱ्यात राहायला आल्या. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये शिट्टी. शिट्टी कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "तुमच्या पर्समंदी लिपस्टिक कायले असते?" त्यांचे यजमान वीजकेंद्रात शिफ्टला होते. आयुष्यभर बॉयलरच्या पायऱ्या चढलो, आपला व्यायाम झाला, असं जाहीर करून ते निवृत्तीच्या दिवशी जे खुर्चीत बसले ते तिथेच होते. मॅडम त्यांना उठवायच्या भानगडीत पडत नसत. बाकी सगळ्या नागपूरला उठवायचं त्यांनी मनावर घेतलं होतं.

"देह आळशी नसते गा, त्याले सोबत नसते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फोनवर कोणी उठायचा कंटाळा येतो म्हटलं की हे आलंच. फोन त्या कानाला न लावता हातभर लांब धरून बोलत, त्यामुळे दोन्ही खोल्यांना आणि गिरणीवाल्यालाही सगळं ऐकू जाई. तो खालून मान वर करून विचारायचा, "मॅडम, काल्चा तो गेला का मंग फिराले?"

त्यांचं सगळं बरोबर असे असं मुळीच नाही. मौद्याच्या वीज प्रकल्पात शिफ्टला जाणारे दोघे फोनवर रडले, की आमची वेळ दर आठवड्याला बदलते, तुमचं अ‍ॅप आम्हाला कोणी देत नाही. झालं, मॅडम पेटल्या. घरात आयुष्यभर शिफ्ट पाहिलेली बाई ती. निखिलच्या टेबलाशी उभ्या राहून त्यांनी शिफ्टसाठी वेगळी सोय करायला लावली आणि मी ती केलीही. त्या दोघांची जोडी जमली. रात्रपाळी करून दोघं सकाळी मैदानावर भेटले, पायरीवर टेकले आणि ऊन अंगावर येईपर्यंत बसल्या जागी घोरत पडले. तिथल्या माळ्यानं त्यांना उठवलं. निखिलनं कपाळावर हात मारला. मॅडम मात्र खूश! "घरी गेले असते तर टीव्ही पाहत बसले असते बिचारे. झोपले ना निवांत? एकटे तर नाही पडले ना?" त्यांच्या हिशेबी ती जोडी यशस्वी होती, आणि गंमत म्हणजे ते दोघं पुढे खरंच पळायला लागले.

बोलणारे आणि चूप, ही त्यांची सगळ्यात मोठी करामत. आम्ही जोड्या जमवायचो त्या चालण्याच्या वेगावरून. एकदा एका निवृत्त पोस्टमनकाकांचा फोन आला. त्यांना आम्ही एका बँकेतल्या साहेबांची जोड दिली होती, वेग अगदी सारखा. काका म्हणाले, "थो माणूस बोलतच नाही जी. मले वाटते मी मयतीले चाल्लो." त्याच दुपारी बँकवाल्या साहेबांचाही फोन आला. तो गृहस्थ डोकं खातो, असं त्यांचं म्हणणं. मॅडम फोन ठेवून माझ्याकडे आल्या.

"पायाचा वेग काहून पाहून राहिली तू? तोंडाचा पाहा."

निखिलनं विरोध केला. हे शास्त्रीय नाही, हे व्यायामाचं अ‍ॅप आहे, गप्पांचं नाही. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, "तसा प्रश्न टाक तू." मी टाकला. 'चालताना काय आवडते? बोलणं की चूप?' असा तो प्रश्न. मला प्रमाण मराठीत लिहायचा होता, पण त्या म्हणाल्या, लोकांना कळेल असं राहू दे. तक्रारी खरोखर कमी झाल्या. बोलणाऱ्याला बोलणारा मिळाला की काही वेळा दोघं फाटकाशीच गप्पा हाणत उभे राहत आणि चालणं राहूनच जाई, पण तशी तक्रार कधी कोणी केली नाही. सकाळची फिरणारी मंडळी शेवटी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाऊन थांबतात, हेही आम्हाला तेव्हाच नकाशावर दिसलं. निखिल त्यावर सूचना टाकणार होता, तेल कमी खा वगैरे. मॅडमनी डोळे वटारले तेव्हा तो बेत रद्द झाला.

अ‍ॅप तपासून पाहायला आम्ही सगळ्यांनी त्यात आपापली नावं टाकली होती. मॅडमनीही टाकलं. सक्करदरा तलाव, सकाळ, चालणे, आणि बोलणं की चूप याच्यापुढे 'चूप'. मी हसून म्हटलं, "मॅडम, तुम्ही आणि चूप?" एरवी दहा वाक्यं ऐकवणारी बाई एवढंच म्हणाली, "तू तुझं काम कर वं."

मला दुसऱ्याच्या भानगडीत डोकावायची खोड आहे. हे वाक्य माझ्या डोक्यात अडकून बसलं.

काही दिवसांनी त्या फोन घेऊन माझ्यासमोर आल्या. "हे बिघडलं तुझं. रोज एकाच बाईचं नाव दाखवून राहिलं. मी रोज बाजूले सारते, सकाळी पुन्हा हजर."

पाहिलं. नाव सुमन. सक्करदरा तलाव, सकाळ, चालणे, चूप. मी सांगितलं, बिघडलेलं नाही. त्या तलावावर, त्या वेळेला, चूप चालणारी दुसरी बाईच नाही आपल्याकडे, तर ते दुसरं कोणाला दाखवणार? तुम्ही 'नाही' दाबलं तर पुन्हा दिसणार नाहीत.

"'नाही' नाही दाबत मी."

"मग 'हो' दाबा."

"थेही नाही दाबत," म्हणाल्या आणि फोन पर्समध्ये टाकून, शिट्टीवर हात ठेवून, जागेवर जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी सगळे फोन खरोखरच कानाला लावून घेतले. गिरणीवाला चौकशी करायला वर आला.

आता मला कोण अडवणार होतं? दुसऱ्या दिवशी पहाटे मी तलावावर गेले. मे महिना होता. सूर्य वर येण्याआधीच लोक आपापल्या फेऱ्या उरकून घेत होते. सगळी माणसं एका दिशेनं जात होती आणि मॅडम उलट्या दिशेनं, सगळ्यांना सामोऱ्या येत होत्या. लोक बाजूला होत होते. कोणी "मॅडम, नमस्ते" म्हणे, त्याच्या बुटांकडे पाहून त्या मान हलवत. मग समोरून एक ठेंगणी, गोरी, करड्या केसांची बाई एकटीच हळूहळू येताना दिसली. पायात जाड तळव्याचे बूट. या दोघी एकमेकींच्या जवळ आल्या तेव्हा मॅडमची चाल मंदावली. त्या बाईंनी मान तलावाकडे वळवली. मॅडमनी मान खाली घातली. दोघी एकमेकींना ओलांडून गेल्या. एक शब्द नाही. मी झाडाखाली उभी राहून पाहत राहिले, तर पुढच्या फेरीलाही हेच.

मॅडमनी मला अर्थातच पाहिलं होतं. फेऱ्या झाल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि बूट काढून पाय मोकळे केले.

"पोह्याले आली का हेरगिरीले?"

"हेरगिरीला," मी म्हटलं. खोटं बोलून उपयोग नव्हता.

मग त्यांनी सांगितलं. सुमन त्यांची शेजारीण. मॅडम सक्करदऱ्याला आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघींची गट्टी झाली. वर्षानुवर्षं दोघी या तलावावर जोडीनं फिरल्या. सुमनला साखरेचा त्रास. एकदा मॅडमच्या लक्षात आलं, की ही डाव्या पायावर भार द्यायचं टाळते आहे. खोदून विचारलं तेव्हा कळलं की बोटाला जखम झाली आहे, भरून येत नाही. सुमननं शपथ घातली, पोराला सांगायचं नाही, तो फिरणं बंद करेल. मॅडमनी थोडे दिवस वाट पाहिली आणि एका संध्याकाळी मुलाला सगळं सांगून टाकलं. दवाखान्यात नेलं तेव्हा बोट काढावं लागलं.

"डॉक्टर म्हणाले, अजून थांबले असते तर पाय गेला असता. पण तिले बोटच दिसते. म्हणे, माह्यी शपथ मोडली तू. माझ्या पोरासमोर मले लहान पोरीवानी उभं केलं. आता तुझ्याशी एक शब्द नाही बोलणार." मॅडम बोटांनी आपलाच पाय दाबत होत्या. "नाही बोल्ली मग. शब्दाची पक्की आहे."

"म्हणून तुम्ही उलट्या फिरता? तोंड पाहायला नको म्हणून?"

त्या माझ्याकडे अशा पाहू लागल्या, जणू मी वर्गातली ढ विद्यार्थिनी आहे. "तोंड नाही पाहाचं तर घरी नाही बसली असती काय मी? मागून चाल्ली तर पाठ दिसते वं. सोबत चाल्लं तर काहीच नाही दिसत. सामोरून येणाऱ्या माणसाचं पाऊल दिसते. कसं टाकते, कुठं जपते, सगळं दिसते. म्हणून जाते उलटी. रोज पाहते, बरोबर टाकून राहिली ना."

त्यांनीच पुढे सांगितलं, आणि खरी गोष्ट तीच होती. गेल्या काही दिवसांपासून सुमनताईंचं पाऊल बरोबर पडत नव्हतं. आता उजवा पाय. तसंच जपणं, तसंच बाहेरच्या कडेवर टेकवणं. मुलगा बदली होऊन परगावी गेला होता. आईनं एकटीनं फिरू नये म्हणून त्यानंच जाताना तिच्या फोनवर आमचं अ‍ॅप टाकून दिलं होतं.

"फोन करून सांगा ना मुलाला," मी म्हटलं.

"सांगतलं तर पाय वाचन. पण मग थे माझ्या समोरून येणंही बंद करन. वेळ बदलन, तलाव बदलन. मग कोण पाहन तिचं पाऊल? आणि नाही सांगतलं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. त्यांना अर्धवट वाक्य सोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्यांची फार माया आली आणि थोडी भीतीही वाटली.

मी म्हटलं, एक करता येईल. सुमनताईंनाही तुमचं नाव रोज दिसत असणार. त्यांनी 'हो' दाबून ठेवलं असेल तर मला आत पाहता येतं. नियमात बसत नाही, पण पाहते. 'हो' असेल तर तुम्हीही दाबा, नसेल तर राहू द्या.

मॅडमनी माझं मनगट धरलं. खेळाच्या बाईंचा हात तो, घट्ट.

"तू पाहाचं नाही. समजलं? तिच्या मनातलं तिनंच सांगावं. मागं मी तिच्या आधी बोल्ली, म्हणून तर हे सारं झालं."

मी पाहिलं नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल. मॅडमनी तिथेच फोन काढला, हातभर लांब धरला, चष्मा नाकावर चढवला आणि 'हो' दाबलं. मग बोट साडीला पुसलं. "आता आठ दिवस पाहते. काहीच नाही आलं तर पोराले सांगून देते. मग रागावू दे का कोर्टात जाऊ दे," असं म्हणून त्या उठल्या.

पुढचे दिवस ऑफिसात कठीण गेले. मॅडमनी एका कुस्तीगिराला जोर मारण्यावरून झापलं. निखिलचे बूट बदलायला लावले. एका बाईंनी फोनवर 'आज अंग दुखतंय' म्हटल्यावर "दुखू दे" म्हणून फोन ठेवून दिला आणि मग स्वतःच परत लावून माफी मागितली. फोन वाजला की आधी पडदा पाहायच्या आणि मग पडलेल्या तोंडानं "बोला जी" म्हणायच्या. सकाळी त्या उलट्या दिशेनं फिरतच होत्या आणि सुमनताई मान वळवतच होत्या, असं गिरणीवाल्यानं मला सांगितलं. त्यालाही आता फिरायची सवय लागली होती.

याच सुमारास मला हैदराबादची नोकरी लागली. कंपनीची चिन्हं बरी दिसत नव्हती, निखिलच म्हणाला, जा. शेवटच्या दिवशी मॅडम ऑफिसला आल्या नाहीत, फोनही उचलला नाही. संध्याकाळी माझी गाडी होती. त्यांना न भेटता जाणं शक्यच नव्हतं, म्हणून दुपारी ऊन असतानाच मी तलावाकडे गेले. अशा उन्हात तिथे कोणी फिरत नसतं. पण काठाच्या वाटेवर दोघी होत्या, एकाच दिशेनं जाणाऱ्या. सुमनताई पुढे, मॅडम अर्धं पाऊल मागे. दोघीही चूप.

मी हाक मारणार होते, तेवढ्यात सुमनताई पुढच्या बाकावर बसल्या. मॅडम शेजारी बसल्या, मधे हातभर जागा ठेवून. सुमनताईंनी आपणहून उजव्या बुटाची लेस सोडली, बूट काढला, मोजा काढला आणि पाय उचलून मॅडमच्या मांडीवर ठेवला.

"दाबलं ना मीही 'हो'. आता पाहून घे एकदाची. रोज चोरून पाहून राहिली."

मॅडमनी चष्मा लावला. दोन्ही हातांनी तो पाय धरून उन्हाकडे वळवला, बोटांमधल्या जागा एकेक करून पाहिल्या. एका ठिकाणी त्यांचा हात थांबला.

"हे कधीपासून आहे वं?"

"झाले बरेच दिवस."

"पोराले सांगतलं?"

"नाही."

"मग?"

"तुले सांगून राहिली ना," सुमनताई म्हणाल्या.

मॅडमनी मोजा हलक्या हातानं चढवला, बूट घातला आणि लेस बांधायला खाली वाकल्या. बांधून झाल्यावरही बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही. सुमनताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मी तिथूनच मागे फिरले.